पानाची उजवी बाजू

एका बुधवारी सकाळी अकरा वाजता माझी पत्नी सुमन वारली. ती दवाखान्यात होती. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. एक वाजता निरोप आला. तोवर मी नव्या पुस्तकांपैकी छत्तीस पुस्तकांवर दाखल क्रमांक घातले होते. निरोप ऐकला आणि सदतिसाव्या पुस्तकावर क्रमांक घातला. मग पेनाला टोपण लावलं आणि निघालो.

हे असं लिहायला मला पराते बाईंनी शिकवलं. त्यांच्याआधी मी हेच लिहिलं असतं तर त्यात आभाळ आलं असतं, काळोख आला असता, आणि सदतिसावं पुस्तक आलं नसतं.

तेराव्यानंतर माझी मोठी बहीण आक्का नलूला भिवापूरला घेऊन गेली. नलू माझी मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. "महिनाभर राहू दे माझ्याजवळ, मग ये न्यायला," असं आक्का म्हणाली होती. महिना झाला, मी गेलो नाही. दुसरा झाला. मला काही होत नव्हतं. रडू येत नव्हतं, ताप नव्हता. सकाळी खाटेवर बसलो की एक पाय चपलेत आणि दुसरा बाहेर अशा अवस्थेत तासभर जायचा. दूध नासलेलं दिसायचं, ते फेकायला हात उचलत नसे. कामावर मात्र वेळेवर जात होतो.

आमचे ग्रंथपाल देशकर फारसं बोलणारे नव्हते. एका दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"काय गा, सकाळपासून एकच कार्ड लिहून राहिला का तू?"

मी कार्डाकडे पाहिलं. त्यावर लेखकाचं आडनाव होतं, पुढे काही नव्हतं.

देशकरांनी एक कोरं कार्ड ओढलं आणि त्यावर पराते बाईंचा, गोळीबार चौकाजवळचा पत्ता लिहिला. "हिले पत्र लिही. आपल्याच कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होती. कान गेले, नोकरी सोडली. आता लोकं तिले पत्रं लिहितात, ते उत्तर देते."

"डॉक्टर आहेत का?"

"नाही. पण तिच्यासमोर तोंड उघडा लागत नाही. तुझ्यासाठी बरंच आहे ते."

मी त्या रात्रीच चार पानं लिहिली आणि सकाळी पेटीत टाकली. गोळीबार चौक माझ्या घरापासून सायकलनं वीस मिनिटांवर. तरी पत्र पोस्टानं गेलं, पोस्टानं आलं.

आलं ते माझंच पत्र होतं. चारही पानं परत. समासात शिसपेन्सिलीचं बारीक, सरळ अक्षर. बहुतेक ओळींसमोर काहीच नव्हतं. 'माझं आयुष्य उद्ध्वस्त झालं' या ओळीसमोर लिहिलं होतं: 'आज आंघोळ केलीत?' 'मी एक रिकामं पात्र होऊन उरलो आहे' यासमोर: 'हे कुठे वाचलंत?' तिसऱ्या पानावर मी सहज लिहून गेलो होतो की दूध नासतं. त्याखाली मात्र रेघ होती. 'हे खरं वाटतं. दूध कोण घेतं? का घेता? उद्यापासून पाव लिटरच घ्या.'

शेवटी त्यांच्या अटी होत्या. पानाला मधोमध उभी घडी घाला. डावी बाजू तुमची, उजवी माझी. आठवड्याला एकच पत्र. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. 'तुमचं पान तुमच्याकडेच परत येईल, मी कोणाचं काही ठेवत नाही. मी पेन्सिलीनं लिहिते. माझं चुकलं असं वाटलं तर खोडून टाका.'

दुसऱ्या दिवशी मी गवळ्याला पाव लिटर सांगितलं. त्या दिवशी दूध नासलं नाही.

माझ्याकडे आज जी पानं आहेत त्यांतली पहिली पंधरा-वीस वाचली तर त्यात दुःखाविषयी काही सापडणार नाही. आंघोळ, दूध, चप्पल, खिडकी उघडली की नाही, सुमनच्या लुगड्यांचं काय केलं. चपलेविषयी त्यांनी लिहिलं, 'दोन्ही चपला दाराशी ठेवा. अनवाणी उठा, दारापर्यंत जा, तिथे उभ्यानं घाला.' मला हे फार बालिश वाटलं होतं. तसं मी डावीकडे लिहिलंही. उजवीकडे उत्तर आलं: 'असेल. घातल्या का?' मी घातल्या होत्या.

सदतिसाव्या पुस्तकाचं मी त्यांना कितीतरी आठवडे सांगितलं नव्हतं. मग एकदा लिहिलं. सुमन गेल्याचं कळल्यावर मी एक क्रमांक घालून मग उठलो, असा माणूस मी आहे, असं लिहिलं. बाईंचं उत्तर आलं: 'कोणतं पुस्तक होतं? शोधा. क्रमांक नीट आला आहे का ते पाहा.'

दाखल नोंदवहीवरून ते पुस्तक सापडलं. विहिरी खोदण्याविषयी होतं. कोणी ते एकदाही नेलेलं नव्हतं. क्रमांक आधीच्या छत्तीसांसारखाच आला होता, एकही आकडा हललेला नव्हता. मी तसं कळवलं. समोर त्यांनी लिहिलं: 'म्हणजे हात त्याचं काम करत होता. तुम्ही त्या वेळी कुठे होतात ते अजून आपल्याला माहीत नाही. घाई नाही.'

'आपल्याला' हा शब्द मी पुष्कळ वेळ पाहत होतो.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते जूनमध्ये, आणि तेही अट मोडून. आक्काचं पत्र आलं होतं: शाळा उघडतील, पोरीचं नाव इथल्याच शाळेत घालू का, आठ दिवसांत कळव, मग मी थांबणार नाही. पान लिहिलं, घडी घातली, आणि पोस्टात दोन दिवस जातील म्हणून स्वतःच सायकलवर घेऊन गेलो.

घर विणकरांच्या गल्लीत होतं. ओसरीवर बाईंची आई सुताच्या लडी सोडवत बसली होती. हातात पाकीट पाहून तिनं मला ओळखलंच.

"तुमी चिठ्ठीवाले का? इथं येत नसते चिठ्ठीवाल्यांनी. त्या डब्यात टाका लागते, चौकातल्या."

"जरा घाईचं आहे."

"समद्यायचंच घाईचं रायते बापा," असं म्हणून तिनं हाक मारली नाही, पायानं जमिनीवर दोनदा जोरात थाप दिली. आतून पराते बाई बाहेर आल्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, केस घट्ट बांधलेले, कानात काही नाही. क्षय झाला होता, तो बरा झाला, पण औषधांनी कान नेले, हे मला देशकरांनी सांगितलं होतं. बोलणं मात्र शाबूत होतं, फक्त आवाज कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा हे त्यांना कळत नसावं. एका पट्टीतच बोलत. पत्रात त्या पुस्तकी मराठी लिहीत, त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकून मी दचकलो.

"पाटीवर लिहा. काय झालं?"

मी पाटीवर नाव लिहिलं आणि पाकीट पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"हे मी नाही घेत. पोस्टात टाका."

मी पाटीवर लिहिलं, 'आठ दिवसांतले दोन गेले.'

"मंग अजून दोन जाऊ द्या. हातात देलेल्या चिठ्ठीचं उत्तर माणूस हातात मागते. तुमी इथं बसान, माझ्या तोंडाकडे पाहत रायसान, आणि मी तुमाले बरं वाटावं म्हणून कायतरी बोलून टाकीन. ते कामाचं नाही." मग म्हणाल्या, "चहा घेऊन जा पण."

चहा होईपर्यंत त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, डावा तळहात भिंतीवर सपाट ठेवून. भिंतीपलीकडे हातमाग चालू होता. मला त्याचा ठोका ऐकू येत होता. एकाएकी तो थांबला आणि त्याच क्षणी त्या आईला म्हणाल्या, "बापू उठले. त्याइले बी चहा ठेव वं." एवढ्यात दारात त्यांचे वडील दिसले, पंच्यानं मान पुसत. ते हसले. लेकीचे कान गेल्यापासून हेच चाललं होतं, असं आईनं मला सांगितलं. "मी घरात हाका मारून मारून थकते, अन् हे भिंतीतून बापाले ऐकते."

चहा पिऊन मी चौकात गेलो आणि तेच पाकीट लाल डब्यात टाकलं. आईनं ओसरीवरून मान वर करून खात्री करून घेतली.

तिसऱ्या दिवशी पान आलं. 'नलूचं नाव तिथल्या शाळेत घालू द्यावं का?' या माझ्या ओळीसमोर तीन शब्द होते: 'नलूला काय वाटतं?' आणि खाली: 'जाऊन विचारा. मग लिहा.'

मी गेलो नाही. रविवारी एस.टी. स्टँडवर जाऊन भिवापूरची गाडी सुटताना पाहिली आणि परत आलो. आक्कानं वर्ष वाया जायला नको म्हणून नाव घालून टाकलं. बाईंना मात्र मी लिहिलं की जाऊन आलो. आयुष्यभर पुस्तकांत राहिलेल्या माणसाला जसं लिहिता येतं तसं लिहिलं. आक्काचं अंगण लिहिलं, अंगणभर वाळत घातलेल्या लाल मिरच्या लिहिल्या, त्यांच्या ठसक्यानं डोळ्यांत आलेलं पाणी लिहिलं, मिरच्यांच्या कडेनं धावत आलेली नलू लिहिली. 'बाबा, मला इथे बरं वाटतं,' असं तिच्या तोंडी घातलं. दोन पानं झाली, ती मी दोनदा वाचली. मला ती आवडली.

पराते बाईंचं घराणं मूळचं उमरेडचं. भिवापूर त्याच रस्त्यावर, तिथून जवळच. हे मला ठाऊक होतं आणि मी त्याचा विचार केला नव्हता.

पान परत आलं. मिरच्यांच्या ओळीसमोर लिहिलं होतं: 'जुलैत भिवापूरला मिरची वाळत नसते. आता रोपं वाफ्यात असतील.' पुढे बरीच जागा कोरी. मग अगदी खाली: 'तुम्ही गेला नाहीत. हरकत नाही. न गेलेल्या दिवशी काय केलंत ते लिहा.' आणि त्याच्याही खाली एक ओळ.

ती शेवटची ओळ मी खोडली. रबर घेऊन, कागद फाटेस्तोवर. सगळ्या पानांत तेवढी एकच ओळ मी खोडली, आणि तेवढीच मला जशीच्या तशी पाठ आहे: 'तिच्या तोंडी तुम्ही जे घातलंत ते तुम्हाला हवं आहे.'

पुढच्या रविवारी गाडीत बसलो.

नलू आक्काच्या ओट्यावर बसून पाटी पुसत होती. तिनं वर पाहिलं.

"तुमी काहून आले?"

"हे काय वं बोलणं?" आक्का आतून ओरडली. "बाबा होय तो तुझा."

"मले माहीत आहे," नलू म्हणाली.

सात महिन्यांत तिची भाषा तिथली झाली होती. मी म्हणालो, "सहज आलो." ती पाटी पुसत राहिली. मी जेवलो, संध्याकाळच्या गाडीनं परतलो. अंगणात खरोखरच काही नव्हतं. एका कोपऱ्यात शेणखताचा ढीग होता आणि परसात, वाफ्यात, बोटभर उंचीची रोपं.

हे सगळं लिहिलं. समोर उत्तर: '"सहज" कोणासाठी म्हणालात?'

त्याच्या पुढच्या रविवारी मी नलूला म्हणालो, "मागच्या वेळी तू विचारलंस ना, का आलात. तुला न्यायला आलो होतो. आज नाही. पण न्यायला."

"आई आहे का तिथं?"

"नाही."

"मंग कोण आहे?"

"मी."

"तुमाले पोळी येते करता?"

"नाही. भात येतो."

"बरं," ती म्हणाली. आक्का दारात उभी होती. ती पदर तोंडाला लावून आत गेली. मला काही झालं नाही. पण गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी शेजारच्या माणसाला वेळ विचारली होती. आठ महिन्यांत मी आपणहून कोणाला काही विचारलं नव्हतं. त्या आठवड्याच्या पानावर मी तेवढंच लिहिलं. त्यासमोर बाईंनी काही लिहिलं नाही, नुसती रेघ मारली, दुधाखाली मारली होती तशी.

दर रविवारी जात राहिलो. दिवाळीत नलू आली ती राहिली. पुढच्या काही आठवड्यांच्या पानांवर पोळीच आहे. बाईंनी उजवीकडे कणकेत पाणी किती, मीठ किती हे लिहिलेलं आहे. एका ठिकाणी: 'हे मानसशास्त्र नव्हे. आईला विचारून लिहिलं.'

त्यानंतर पत्रं महिन्याला एक झाली. नलू तिसरीत असताना एका महिन्यात माझं पान परत आलं आणि त्याची उजवी बाजू कोरी होती. एक टिंब नाही. पाकीट मात्र नीट चिकटवलेलं. दुसऱ्या दिवशी देशकरांनी सांगितलं की बाईंचे वडील मागावर बसले असतानाच गेले. देशकरांना कसं कळलं हे मी विचारलं नाही. त्यांच्या टेबलावर पेन्सिलीनं लिहिलेलं, उभ्या घडीचं एक पान मी पूर्वी कधीतरी पाहिलं होतं.

मी एक कोरा कागद घेतला. उभी घडी घातली. वर लिहिलं: 'या वेळी डावी बाजू तुमची, उजवी माझी.' दुसरं काही लिहिलं नाही. आत पाकीट घातलं, त्यावर त्यांचा पत्ता नव्हे, माझाच. पेटीत टाकल्यावर वाटलं, हा आगाऊपणा झाला.

नऊ दिवसांनी ते आलं. डावीकडे त्यांच्या अक्षरात, आणि पहिल्यांदाच शाईनं, दोन ओळी होत्या. 'बापूंचा माग थांबला ते मला कळलं. मला वाटलं चहासाठी उठले, म्हणून मी आधण ठेवलं.'

मला त्या दोन ओळींसमोर लिहायला खूप सुचत होतं. सुचलेलं सगळं मी कुठे ना कुठे वाचलेलं होतं. शेवटी पेन्सिल घेऊन लिहिलं: 'आज जेवलात?' आणि परत पाठवलं.

ते पान त्यांच्याकडे राहिलं. त्यांच्या नियमानं ते त्यांचं होतं. पुढच्या महिन्यात माझं नेहमीचं पान नेहमीसारखं परत आलं. त्यात सगळ्यात वर, कोणत्याच ओळीसमोर नाही अशा जागी, लिहिलं होतं: 'हो. आईनं वाढलं.'

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नलू नववीत असताना. ती हट्टानं घेऊन गेली. "तुम्ही दोघं एका गावात राहून पत्रं लिहिता, मी काही लिहिणार नाही, मी भेटणार," असं म्हणाली. तोवर तिची भाषा पुन्हा इथली झाली होती, फक्त रागावली की 'काहून' यायचं. ओसरीवर आई नव्हती, ती दोन वर्षांपूर्वी गेली होती. आत शिरताना घरघर ऐकू आली. मागाच्या खोलीत भाडेकरूनं पिठाची चक्की बसवली होती. उंबऱ्यावर पिठाचा थर होता.

बाईंनी नलूकडे पाहिलं, पाटी तिच्यापुढे केली. नलूनं लिहिलं, 'बाबांना आता पोळी येते.'

"गोल येते का?"

नलूनं मान हलवली. नाही.

"मंग माझं चुकलंच कुठंतरी," बाई म्हणाल्या, त्याच एका पट्टीत. हसल्या की नाही ते मला कळलं नाही. नलू हसली.

निघताना त्या भिंतीशी उभ्या होत्या. तळहात भिंतीवर सपाट, पूर्वीसारखाच. मी त्या हाताकडे पाहतो आहे हे त्यांना दिसलं.

"चक्की आहे आता," त्या म्हणाल्या. "बापू मधून मधून थांबत होते. हे थांबतच नाही." हात मात्र त्यांनी काढला नाही. गल्लीच्या वळणावरून मी मागे पाहिलं तेव्हा दारातून तेवढाच दिसत होता, कोपरापासून पुढचा हात आणि भिंत.

त्यानंतर दीड वर्षानं, नलूच्या मॅट्रिकचा निकाल लागला त्या आठवड्यात, मी पान पाठवलं. डावीकडे तिचे गुण लिहिले होते. ते पाकीट पाचव्या दिवशी परत आलं. माझ्या हस्ताक्षरातला माझा पत्ता असलेलं आतलं पाकीट नव्हे, तर बाहेरचं, न उघडलेलं. पत्त्यावर आडवी रेघ आणि पोस्टमनच्या अक्षरात 'मयत'.

मी ते उघडलं आणि इतर पानांत ठेवलं. निकालाच्या त्या पानाची उजवी बाजू कोरी आहे. बाकीच्या पानांवर डावीकडची शाई अजून वाचता येते. उजवीकडची पेन्सिल घड्यांनी बरीच पुसली गेली आहे. नलू नोकरीला लागली, ती माझ्याकडेच राहते. चपला अजून दाराशी असतात. दूध पाऊण लिटर लागतं.